सोवळ्यातल्या सुखात्मिका

पाप रंगमंचावर करून दाखवणे हेही पापच आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात फार जुना आहे. कार्थेजच्या तेर्तुलियनने दुसरे शतक संपून तिसरे सुरू होण्याच्या सुमारास खेळतमाशांविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून कितीतरी धर्मोपदेशकांनी आपापल्या परीने हा प्रश्न लढवला. अठराव्या शतकातील इंग्लंडने त्यावर एक व्यवहारी तोड काढली. नाटक बंद करायचे नाही, पण जुन्या नाटकातले पाप तेवढे वेचून बाहेर काढायचे. पाच-सात दशके ते शंभर वर्षे जुन्या सुखात्मिका अशा रीतीने सोवळ्यात येऊन पुन्हा उभ्या राहिल्या. पाप काढल्यावर त्या नाटकांत काय उरले आणि पापाबरोबर आणखी काय निघून गेले, हे ती रूपांतरे मुळाशेजारी ठेवून वाचली की कळते.

नाटकावरचे धार्मिक आक्षेप दोन जातींचे होते आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिला आक्षेप अभिनयावरच होता. माणूस आपण नाही ते आहोत असे भासवतो, म्हणजे खोटे बोलतो. मुलगा बाईचे कपडे घालतो, म्हणजे बायबलमधील आज्ञा मोडतो. विल्यम प्रिन या प्युरिटन वकिलाने १६३३ मध्ये ‘हिस्ट्रियोमॅस्टिक्स’ या अवाढव्य ग्रंथात हीच बाजू मांडली. त्यातील एक शेरा राणीला उद्देशून असल्याचे ठरवून त्याचे कान कापण्यात आले. पुढे १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि लंडनची नाट्यगृहे बंद झाली, ती अठरा वर्षे. या आक्षेपाला दुरुस्तीची वाटच नाही, कारण सोंग घेणे हाच दोष मानला की कितीही पवित्र संवाद घातले तरी सोंग ते सोंगच राहते. दुसरा आक्षेप सोंगात काय दाखवले जाते यावर होता. तिथे मात्र कात्री चालू शकते. अठराव्या शतकातील रूपांतरांचा सगळा खटाटोप या दुसऱ्या आक्षेपाच्या आधारावर उभा आहे.

राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परतला आणि नाट्यगृहे उघडली. बायकांच्या भूमिका आता बायका करू लागल्या. १६६२ च्या राजसनदेत जुन्या नाटकांतील धर्मनिंदक व बीभत्स भाग काढून टाकावेत असेही कलम होते. ते किती मनावर घेतले गेले हे पुढच्या दीड दशकातील नाटकांवरून दिसतेच. विल्यम विचर्लीचे ‘द कंट्री वाइफ’ १६७५ चे. त्याचा नायक हॉर्नर आपण नपुंसक झालो अशी अफवा एका वैद्याच्या तोंडून गावभर पसरवतो. बायको फसवू लागली की नवऱ्याला शिंगे फुटतात, हा इंग्रजीतला जुना विनोद हॉर्नरच्या नावातच आहे. अफवा ऐकून नवरे निर्धास्त होतात आणि स्वतःच बायकांना त्याच्याकडे पोहोचवतात. राजदरबार हसला, लंडनही हसले.

या हास्याला खरा धक्का दिला तो जेरेमी कॉलियर या पाद्रीने. १६९८ मध्ये त्याने इंग्रजी रंगभूमीच्या अनीतीवर आणि धर्मनिंदेवर पुस्तक लिहिले. कॉलियर प्युरिटन नव्हता. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या अँग्लिकन पाद्रींपैकी तो एक. राजा तिसरा विल्यम याच्या खुनाच्या कटातील दोघांना त्याने १६९६ मध्ये फाशीच्या तख्तावर पापमुक्ती दिली होती, आणि त्याबद्दल त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढल्याचा हुकूमही झाला होता. त्याची तक्रार नाटक असू नये अशी नव्हती. सुखात्मिकेचे काम सद्गुण वाढवणे आणि दुर्गुण हास्यास्पद करणे हे आहे, असे तो मानत होता. इंग्रज नाटककार मात्र लंपट माणसाला नायक करतात, त्याच्या तोंडी सर्वांत चटकदार वाक्ये घालतात आणि शेवटी त्यालाच बायको व संपत्ती देऊन टाकतात. पाद्री रंगमंचावर आला की तो विदूषकच असतो. यापेक्षा प्राचीन रोमचे प्लॉटस आणि टेरेन्स हे मूर्तिपूजकसुद्धा अधिक सभ्य, असे त्याने नाटककारांना सुनावले. काँग्रीव्ह आणि व्हॅनब्रू या नाटककारांनी उत्तरे दिली, पण ती लंगडी ठरली. ड्रायडनने तर आयुष्याच्या अखेरीस आरोप बऱ्याच अंशी मान्य केला. १७२६ मध्ये विल्यम लॉ या धर्मचिंतकाने रंगभूमी मुळातच निषिद्ध आहे असे लिहून पहिला, कडक आक्षेप पुन्हा जागवला. एव्हाना मात्र बहुतेक प्रेक्षक कॉलियरच्या बाजूला सरकले होते: नाटक हवे, पण मुलीबाळींसह पाहता येईल असे.

कॉलियरच्या विचारात एक गाठ आहे, ती त्याच्या अनुयायांना कधी नीट सुटली नाही. दुर्गुणाला हसून सुधारायचे तर दुर्गुण रंगमंचावर यावा लागतो, आणि तोही ओळखता येईल इतका खरा. तो आलाच नाही तर शिक्षा कोणाला करायची? दाखवायचा आणि झोंबूही द्यायचा नाही, अशा कसरतीत पुढची ऐंशी वर्षे गेली.

रिचर्ड स्टीलने १७२२ मध्ये ‘द कॉन्शस लव्हर्स’ लिहून या कसरतीचा नमुना घालून दिला. आधार टेरेन्सच्या ‘आंद्रिया’चा. मूळ लॅटिन नाटकात नायकाची प्रेयसी लग्नाआधीच गरोदर असते आणि प्रयोग चालू असताना आत बाळंत होते. स्टीलची इंडियाना निष्कलंक आहे. नायक तिचा खर्च चालवतो, पण त्या बदल्यात काहीही मागत नाही. मित्राशी द्वंद्वयुद्ध करायचे टाळतो, आणि नाटक त्याच प्रवेशासाठी लिहिल्याचे स्टीलने प्रस्तावनेत सांगितले. प्रेक्षक हसण्याऐवजी रडले तर बिघडले कुठे, असाही त्याचा सूर होता. कॉलियरने टेरेन्सला सभ्य म्हटले होते. चोवीस वर्षांत तोही पुरेसा सभ्य उरला नाही. हेन्री फील्डिंगने १७४२ च्या ‘जोसेफ अँड्र्यूज’ कादंबरीत भोळ्या पाद्री अ‍ॅडम्सच्या तोंडून या नाटकाची स्तुती करवली. ख्रिस्ती माणसाने वाचावे असे, जवळजवळ प्रवचनच! स्तुतीतली टोचणी लपत नाही.

पाप काढण्यापेक्षा पापी बदलणे सोपे असते, हे दुसऱ्या एका परंपरेत दिसते. फ्रेंच नाटककार मोलिएरचा ‘तार्त्युफ’ १६६४ मध्ये दरबारात सादर झाला आणि धर्मगुरूंच्या दबावामुळे जाहीर प्रयोगांवर बंदी आली. ती उठायला १६६९ साल उजाडले. घरात शिरून यजमानाची बायको आणि मालमत्ता दोन्ही गिळू पाहणारा हा धर्मढोंगी. ढोंगी भक्ती आणि खरी भक्ती यांत प्रेक्षक फरक करू शकेल काय, हा त्या बंदीमागचा खरा धार्मिक पेच होता. दोन्हींची भाषा एकच, हातवारेही तेच. मग एकीवरचे हसू दुसरीला लागणार नाही कशावरून? लंडनमध्ये हा पेच फारसा उरला नाही, कारण तिथे ढोंग्याला नेमका पंथ दिला गेला. नाटककार कॉली सिबरने १७१७ मध्ये ‘द नॉन-ज्युरर’ लिहून त्याला शपथ न घेणाऱ्या पाद्रींच्या गोटात बसवले आणि शेवटी तो वेषांतर केलेला कॅथलिक धर्मगुरू निघतो असे दाखवले. दोनच वर्षांपूर्वी पदच्युत राजघराण्याच्या बाजूने बंड झालेले होते. राजा पहिला जॉर्ज खूश झाला आणि सिबरला २०० पौंड मिळाले. म्हणजे रंगभूमी सुधारायला निघालेल्या कॉलियरचाच पंथ सुधारलेल्या रंगभूमीवर खलनायक झाला. पुढे १७६८ मध्ये आयझॅक बिकरस्टाफने सिबरच्या नाटकावरून ‘द हिपोक्रिट’ केले. तोवर राजघराण्याचा वाद थंडावला होता आणि लोकांना नवी धास्ती मेथडिस्ट प्रचारकांची होती. तेव्हा ढोंग्याचे नाव झाले डॉक्टर कँटवेल आणि पंथ मेथडिझम. जोडीला बिकरस्टाफने मॉवर्म हे अडाणी भक्ताचे नवे पात्र घातले आणि तेच प्रेक्षकांना सर्वाधिक आवडले. मोलिएरचा बाण कोणालाही लागू शकत होता, म्हणून पॅरिस भ्याले. लंडनमध्ये तो दर वेळी शेजारच्याच पंथावर रोखलेला, त्यामुळे प्रेक्षकाला सुखाने हसता आले.

इथे कायद्याचा एक मुद्दा सांगायला हवा. रॉबर्ट वॉलपोलच्या सरकारने १७३७ मध्ये नाट्यपरवान्याचा कायदा केला आणि प्रत्येक नवे नाटक प्रयोगाच्या १४ दिवस आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत तपासणीसाठी देणे सक्तीचे झाले. हा बडगा नव्या नाटकांवर आणि जुन्या नाटकात घातलेल्या नव्या भागांवर होता. जुने नाटक जसेच्या तसे करायला या कायद्याची आडकाठी नव्हती. उलट त्यात भर घातली की ती भर तपासली जाणार. तरीही विचर्ली, व्हॅनब्रू, काँग्रीव्ह यांची नाटके कापली गेली ती नाटकमंडळींच्या व्यवस्थापकांकडूनच, तिकीटविक्रीकडे डोळा ठेवून. त्या कात्रीमागचा परीक्षक प्रेक्षागृहात बसलेला होता.

या कात्रीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डेव्हिड गॅरिकचे ‘द कंट्री गर्ल’. ड्रुरी लेनच्या नाट्यगृहाचा हा नटव्यवस्थापक. विचर्लीचे मूळ नाटक ७ नोव्हेंबर १७५३ ला झाले आणि नंतर थांबले. १७६६ मध्ये गॅरिकने आपली आवृत्ती आणली आणि एका नामांकित सुखात्मिकेतली अनीती व अश्लीलता धुऊन काढत असल्याचे छापील प्रस्तावनेत जाहीर केले. त्याने हॉर्नरला वगळले, म्हणजे नाटकाचा कणाच काढला. त्याच्याबरोबर लेडी फिजेट आणि तिच्या अब्रूदार मैत्रिणीही गेल्या. संशयी नवरा पिंचवाइफ इथे मूडी झाला आणि त्याची खेडवळ बायको मार्जरी झाली पेगी. पेगी त्याची बायको नाही. तिचा सांभाळ करणारा हा वयस्क माणूस लग्न झाल्यासारखे भासवून तिला कोंडून ठेवतो. बेलव्हिल नावाचा तरुण तिच्या प्रेमात पडतो आणि अखेर त्या दोघांचे लग्न होते.

दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की गॅरिकने काय काय राखले याचे नवल वाटते. मुलीला पुरुषी वेश घालून बाहेर फिरायला नेण्याचा प्रवेश तसाच आहे. मूडी दरडावून लिहवून घेतो ते तुसडे पत्र मुलगी हळूच बदलते आणि प्रेमपत्र पाठवते, तेही तसेच आहे. चोरटेपणा, खोटे बोलणे, पळून जाणे ही सगळी सामग्री शाबूत आहे; फक्त तिला लग्नाच्या दाराशी आणून उभे केले आहे. कृत्य तेच, करणारी विवाहित असेल तर पाप आणि अविवाहित असेल तर प्रेम. नीतीचा प्रश्न माणसाच्या वागण्यातून उचलून चर्चच्या लग्नवहीत नेऊन ठेवला, असे या रूपांतराबद्दल म्हणावे लागते. शिवाय मूडीचा गुन्हा पिंचवाइफपेक्षा काही हलका नाही. पिंचवाइफ आपल्या बायकोला कोंडतो. मूडी जिच्यावर कसलाच हक्क नाही अशा मुलीला. विचर्लीचे नाटक पुसताना गॅरिकच्या हातून हा नवा डाग पडला, आणि त्या वेळच्या सभ्य प्रेक्षकांना तो खटकल्याचे दिसत नाही.

गमावले काय ते हॉर्नरच्या जागेकडे पाहिले की समजते. हॉर्नर नीच आहे, पण त्याची अफवा कसोटीचा दगड आहे. जग त्याला निरुपयोगी समजते, त्यामुळे अब्रूदार बायका त्याच्यासमोर बुरखा काढतात आणि त्यांची अब्रू म्हणजे निव्वळ लौकिक असल्याचे उघड होते. शेवटच्या प्रवेशात एकटी मार्जरी सत्य सांगू पाहते. हॉर्नर नपुंसक नाही हे तिला ठाऊक आहे आणि ते बोलून टाकण्याइतकी ती भाबडी आहे. सगळे मिळून तिला गप्प करतात. सर्वांचे संसार टिकावेत म्हणून नाटकातल्या सर्वांत निष्कपट माणसाला खोटे बोलावे लागते. कॉलियरच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा हा प्रवेश अधिक कठोर आहे. त्यात शिक्षा कोणालाच होत नाही, आणि हसून झाल्यावर तेच खुपत राहते. गॅरिकच्या नाटकात हा प्रवेश असणे शक्यच नव्हते. तिथे शेवटी सगळे खरे सांगतात आणि सगळ्यांचे बरे होते. १७८५ मध्ये डोरा जॉर्डन या नटीने पेगी केली आणि लंडन तिच्यामागे वेडे झाले. शुद्ध केलेल्या या नाटकात पुरुषी वेशातील तिचे पाय हेही मोठे आकर्षण होते! मूळ ‘कंट्री वाइफ’ मात्र लंडनच्या रंगमंचावर परतले ते थेट १९२४ मध्ये.

पापापेक्षा अवघड विषय पश्चात्तापाचा, आणि रिचर्ड ब्रिन्सली शेरिडनच्या रूपांतरात तो मध्यभागी आला. त्याची हकीकत १६९६ पासून सुरू होते. सिबरच्या ‘लव्ह्ज लास्ट शिफ्ट’मध्ये लव्हलेस अमांडा या आपल्या बायकोला टाकून वर्षानुवर्षे भटकतो. परतल्यावर ती अनोळखी स्त्री बनून त्याला रात्रीपुरते जिंकते, सकाळी ओळख देते, आणि लव्हलेस पाचव्या अंकात रडून सुधारतो. प्रेक्षकही रडले. व्हॅनब्रूला ही सुधारणा पटली नाही. त्याच वर्षी त्याने ‘द रिलॅप्स’ लिहून तोच लव्हलेस पुन्हा लंडनमध्ये आणला आणि बेरिंथिया नावाच्या विधवेच्या नादी लावला. दोन नाटककारांमधला हा वाद खरे तर धर्मशास्त्राचा आहे. ईश्वरी कृपेने माणूस एका क्षणात पालटतो, की पालटण्याला सवय आणि काळ लागतो? पश्चात्तापाचे अश्रू खरे असले तरी ते उद्यापर्यंत टिकतील याची हमी कोण देणार? सिबरला क्षण पुरतो, व्हॅनब्रूला पुरत नाही. व्हॅनब्रूची अमांडा मात्र मोह टाळते, आणि तिच्या ठामपणापुढे तिच्या मागे लागलेला वर्दी घटकाभर नम्र होतो. ती नम्रताही पुढे किती दिवस टिकेल, हे व्हॅनब्रू उघडेच ठेवतो.

शेरिडनने २४ फेब्रुवारी १७७७ ला ड्रुरी लेनमध्ये ‘अ ट्रिप टू स्कारबरो’ आणले. कथानक लंडनमधून यॉर्कशरच्या समुद्रकाठच्या हवापालटाच्या गावी गेले. पुरुषांवर डोळा असणारा लग्नांचा दलाल कपलर बदलून बाई झाला. आणि लव्हलेस पडण्याआधीच सावरला. रात्रीच्या बागेत तो आणि बेरिंथिया लपलेले असताना अमांडा तिच्या मागे लागलेल्या कर्नल टाउनलीला नकार देते, ते दोघांच्या कानांवर पडते आणि दोघेही शरमतात. म्हणजे ऐंशी वर्षांनी निकाल सिबरच्या बाजूने लागला, पण एका फरकाने. सिबरचा पापी पाप करून पश्चात्ताप करतो, शेरिडनचा न केलेल्या पापाचा. धर्मदृष्ट्या हे स्वस्तात सुटणे आहे. क्षमा करण्याजोगे काही घडलेलेच नाही, तेव्हा अमांडाच्या क्षमेलाही वजन उरत नाही. नाटकाचा उरलेला भाग, लॉर्ड फॉपिंग्टन आणि मिस हॉयडन या पात्रांच्या उपकथानकाचा, शेरिडनने फारसा न दुखवता चालू दिला, आणि तोच अजून जिवंत वाटतो. पहिल्या रात्री अमांडाची भूमिका करणाऱ्या मेरी रॉबिन्सनने आठवणींत लिहिले आहे की, नवे म्हणून जाहीर झालेले नाटक जुनेच निघाल्याचे ओळखून प्रेक्षकांनी हुर्यो केली. दोनच वर्षांनी ‘द क्रिटिक’मध्ये शेरिडनने एका पात्राकडून, व्हॅनब्रू आणि काँग्रीव्ह यांनाही आता ओबडधोबड सुधारणा सोसावी लागते, अशी कुरकुर करवली. सुधारणा करणारा तो स्वतःच होता, हे प्रेक्षकांना माहीत होते.

या सगळ्याचा तात्त्विक हिशेब पुढच्या शतकात मांडला गेला. निबंधकार चार्ल्स लॅमने १८२२ मध्ये लिहिले की, जुन्या सुखात्मिकांचे जग नीतीच्या हद्दीबाहेरची परीनगरी आहे. तिथल्या माणसांना आपल्या कायद्याने तोलणेच चूक. इतिहासकार मेकॉलेने १८४१ मध्ये हे खोडून काढले. त्या नाटकांत लग्न, अब्रू, विश्वास या गोष्टी पानोपानी येतात आणि दर वेळी त्यांना हरवले जाते, तेव्हा ते जग नीतीबाहेरचे कसे, हा त्याचा सवाल होता. मेकॉलेचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. लॅमने नाटकांना वाचवले खरे, पण त्यासाठी ती निरुपद्रवी ठरवली, आणि गॅरिकनेही दुसऱ्या वाटेने तेच केले होते.

धुण्याची गरजच पडू नये अशी एक जुनी सुखात्मिकाही अठराव्या शतकाला सापडली होती. मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’मध्ये व्यभिचार कोणीच करत नाही, प्रत्येकाला तो फक्त दिसतो. बेशुद्ध पडलेल्या मुलीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, स्गानारेल तिला सावरतो, ते त्याची बायको पाहते. बायको तसबीर उचलते, ते नवरा पाहतो. दोघांचेही डोळे खरे सांगतात आणि निष्कर्ष दोघांचाही खोटा. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्याचे ‘ऑल इन द राँग’ केले. प्रत्यक्ष पुराव्यावर किती विसंबावे हा ज्ञानाचा प्रश्न त्याने संसाराच्या अंगणात आणून ठेवला, आणि पाप मनातच घडत असल्यामुळे कात्रीला काम उरले नाही. मर्फीच्या या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. १९१६ मध्ये पदे घालून त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मर्फीची नायिका बेलिंडा प्रतिष्ठित घरातली मुलगी होती. देवलांनी तिच्या जागी मघा नायकिणीची मुलगी रेवती आणली, त्यामुळे तिच्या प्रियकराच्या, अश्विनशेठच्या, संशयाला तसबिरीखेरीज आणखी एक आधार मिळाला: तिचा जन्म. मर्फीच्या प्रेक्षकांना फक्त डोळ्यांची चूक हसून सोडून द्यायची होती. मराठी प्रेक्षकांपुढे, नायकिणीच्या मुलीची निष्ठा खरी मानायची की नाही, हाही प्रश्न त्याच हशात येऊन बसला.